सगळ्यांना ठाऊक असतं ते

जयवंता मेश्रामला नोकरी लागली ती 'पाणी ओलं असतं' असं लिहिण्याची. नेमणुकीच्या कागदावर तसं भारदस्त नाव होतं, प्रकल्प सहायक. एम.ए. मराठी ही पात्रता होती आणि टायपिंग येत असल्यास प्राधान्य होतं. पण पहिल्याच दिवशी डॉ. अरुंधती घटाटे यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि सांगितलं, "जे सगळ्यांना ठाऊक असतं आणि म्हणूनच कुणी कुणाला सांगत नाही, ते लिहायचं. एका कार्डावर एक वाक्य. रोज पन्नास."

१९८५ सालचा ऑक्टोबर होता. कॉलेजच्या मागच्या इमारतीत एका थंडगार खोलीत कॉम्प्युटर होता आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्याला साधं मराठी समजावं, दोन-चार वाक्यांची गोष्ट वाचून त्यानं तिच्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, असा अरुंधतीबाईंचा प्रकल्प होता. त्या सहा वर्षं परदेशात शिकून नागपूरला धरमपेठेतल्या घरी परत आल्या होत्या. त्यांच्या नव्वद टक्के सहकाऱ्यांना हे खूळ वाटे, आणि उरलेल्यांना ते काय आहे तेच कळत नसे.

जयवंतानं लिहिलं, पाणी ओलं असतं. दगड पोहत नाही. झोपलेला माणूस बोललेलं ऐकत नाही. दुपारपर्यंत तिला वाटायला लागलं, आपली थट्टा चाललीय. इंदोऱ्यातून दोन बस बदलून यायचं, इस्त्रीची साडी नेसायची आणि दगड पोहत नाही म्हणून लिहायचं. संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "काय काम हाय वं थे?"

"टायपिंगचं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

चौथ्या दिवशी अरुंधतीबाईंनी तिला मशीनपुढे बसवलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत, तीही इंग्रजी. मराठी वाक्यं त्याच लिपीत लिहावी लागत. बाईंनी टाईप केलं: नत्थूने बाजारात संत्री विकत घेतली. नत्थू घरी आला. संत्री कुठे आहेत?

मशीननं थोडा वेळ घेतला आणि उत्तर दिलं: बाजारात.

"बघा," बाई म्हणाल्या. "माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या हातातलं सामानही येतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

त्यांनी नवं वाक्य घातलं: माणूस विकत घेतलेली वस्तू बरोबर नेतो. पुन्हा विचारलं. संत्री घरी आली. जयवंताला बरं वाटलं. मग बाईंनी लिहिलं: नत्थूने नागपुरात घर विकत घेतले. नत्थू उमरेडला गेला. घर कुठे आहे?

उत्तर आलं: उमरेडला.

जयवंता खळखळून हसली. डोक्यावर दुमजली घर घेऊन निघालेला नत्थू तिला दिसलाच. पण हसता हसता ती मधेच थांबली. घर उचलून नेता येत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं? आईनं नाही. शाळेत नाही. एम.ए.पर्यंत वाचलेल्या एकाही पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. तरी ते आत होतं, इतकं घट्ट की चुकीचं उत्तर दिसताच हसू आलं. मग असं आणखी किती आत असेल?

"मॅडम, असं सगळं मिळून किती होईल?"

"मी सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, दहा हजार," अरुंधतीबाई म्हणाल्या. "आता आकडा सांगायचं मी सोडून दिलंय."

त्यांनी तिला कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक गोष्टीची एक गाठ. गाठीपासून गाठीपर्यंत दोरे. संत्र्यापासून एक दोरा झाडाकडे, एक तोंडाला सुटणाऱ्या पाण्याकडे, एक बाजाराकडे. मशीनला वाक्य दिलं की त्यातल्या प्रत्येक शब्दापासून ते एकदम सगळ्या दिशांनी निघतं, एकेक दोरा धरून पुढं सरकतं, आणि दोन शब्दांकडून निघालेल्या वाटा जिथं एकमेकींना भेटतात तिथं उत्तर असण्याचा संभव असतो.

त्या दिवशी सीताबर्डीला बसची वाट पाहताना तिनं समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं. एक माणूस कपातला चहा बशीत ओतून फुंकर मारत होता. एवढंच कळायला काय काय ठाऊक असावं लागतं, म्हणून ती मोजायला लागली. चहा गरम असतो. गरम वस्तूनं जीभ भाजते. पसरलेलं पातळ पटकन निवतं. फुंकर थंड करते. पण विस्तव फुंकरीनंच पेटतो. बशीला कड असते. चहा खाली सांडतो, वर सांडत नाही. चाळीसपर्यंत आली आणि बस निघून गेली. टपरी, रस्ता, सायकली, फुटपाथवर कंगवे विकणारी बाई, सगळं तिला एकाएकी भरलेलं दिसायला लागलं. आपण रोज कशातून चालत येतो आणि किती सहज! ती तिथल्या कठड्यावर बसून राहिली.

रविवारी ती कार्डं घरी घेऊन गेली. तिची आई भीमाबाई संत्रा मार्केटमध्ये संत्री निवडायला जायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण हातात फळ घेतलं की ते किती दिवस टिकेल ते सांगायची, आणि व्यापारी तिच्या शब्दावर पेटी इकडची तिकडं ठेवायचे. जेवणानंतर लेकीनं जमिनीवर कार्डं मांडलेली पाहून ती जवळ येऊन बसली.

"वाचून दाखव मले."

जयवंतानं भीत भीत वाचलं. माय हसेल असं तिला वाटलं होतं. भीमाबाई हसली नाही. तिनं मान हलवत एकेक वाक्य ऐकलं, जशी ती पेटीतलं एकेक फळ पाही. 'जे उचलता येत नाही ते नेता येत नाही' या वाक्याला तिनं हात वर केला.

"हे चूक हाय."

"काहून?"

"गाय कोन उचलते? पन बाजारात नेतेच ना. तिले तिचे पाय हायेत." ती थोडी थांबली. "आन चुगली? थे तर दिसतबी नाही, उचलताबी येत नाही. पन या गल्लीतून त्या गल्लीत जातेच का नाही?"

जयवंतानं कार्ड फाडलं आणि तीन नवी लिहिली.

त्यानंतर दर रविवारी असंच चाललं. भीमाबाई भांडी घासताना, तांदूळ निवडताना सांगत जायची. जड लागलं थे संत्रं रसाचं. नवं लुगडं नेसलेली बाई सावलीतून चालत नाही, तिले दिसाचं राहते. उपाशी मानूस 'भूक नाही' म्हनते, जर वाढनाऱ्याचा भाताचा गंज रिकामा दिसला. हे शेवटचं वाक्य लिहिताना जयवंताचा पेन थांबला. हे मशीनला कसं समजावायचं, की माणूस खोटं बोलतो तेव्हा ते कधी कधी प्रेम असतं? अरुंधतीबाईंनी ते कार्ड वाचून दोन दिवस बाजूला ठेवलं आणि मग त्यासाठी नऊ नव्या गाठी बांधल्या.

डिसेंबरातल्या एका रविवारी जयवंतानं वाचलं, "तहानलेला माणूस विहिरीवर जातो आणि पाणी काढून पितो."

भीमाबाईचा हात सुपातच थांबला.

"कोन्या विहिरीवर?"

"कोनच्याबी, माय."

"कोनच्याबी नाही."

भीमाबाईचं माहेर उमरेडच्या पलीकडचं. लग्न होऊन ती नागपूरला आली आणि छप्पन साली नवऱ्याबरोबर तिनं दीक्षा घेतली. त्याच्या आधीचं ती फारसं बोलत नसे. आता बोलली, आणि बोलली ती संत्र्यांबद्दल सांगायची त्याच आवाजात.

"आमी विहिरीपाशी जाऊन बसत होतो. बाजूले. दोर राहे, बादली राहे, समोरच. हात लावाचा नाही. कोनी आलं आन त्याच्या मनात आलं, त वरून ओते. ओंजळीत घ्याचं. नाही आलं, त बसून राहाचं."

"किती वेळ?"

"कोनी येईपर्यंत." तिनं सूप पुन्हा हलवलं. "लिही थे. सगळ्याइले ठाऊक होतं. कोनी कोनाले सांगत नव्हतं."

जयवंतानं चार कार्डं लिहिली. ती तीन दिवस तिच्या पर्समध्ये राहिली. चौथ्या दिवशी तिनं ती बाईंच्या टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली.

अरुंधतीबाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. "हे नेहमीच्या माहितीत मोडतं का, जयवंता? मी विचारतेय फक्त."

"माय म्हणते, सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं." ती जरा थांबली. "तुम्ही पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं मला."

चष्मा काढून बाईंनी डोळे चोळले. "मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही," त्या म्हणाल्या. "विहिरीची अकरा वाक्यं माझ्या हातची आहेत. दोर, रहाट, बादली, शेवाळ, कासव. कासवसुद्धा आठवलं मला. हे नाही आठवलं." मग त्यांनी कार्डं तिच्या हातात दिली. "टाईप करा. 'सगळी माणसं' लिहू नका, 'काही माणसं' लिहा. त्यांना काळाची गाठ जोडा. आणि 'माहिती सांगणारी व्यक्ती' या रकान्यात आईंचं नाव घाला."

मार्चमध्ये तज्ज्ञांची समिती आली. प्रकल्प पुढं चालवायचा की बंद करायचा, हे ते ठरवणार होते. दोघं दिल्लीचे होते आणि तिसरे नागपूरचेच, गोपाळराव म्हणून निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, सत्तरी गाठलेले, अंगानं वाळके. दिल्लीकरांनी तयार गोष्टी पाहिल्या. नत्थूचं घर आता नागपुरातच राहिलं, गाय स्वतःच्या पायांनी बाजारात गेली. दिल्लीकरांनी मान डोलावली, पण हे सगळं आधीच शिकवून ठेवलेलं असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी एक घालू का?" गोपाळरावांनी विचारलं. "तुम्ही न पाहिलेली."

अरुंधतीबाईंनी खुर्ची दिली. गोपाळरावांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाईप केलं. जयवंता त्यांच्या खांद्यामागून वाचत होती: धोंडबा सकाळपासून शेतात राबला. तो विहिरीपाशी आला. दोर आणि बादली तिथेच होती. तो बाजूला बसून राहिला. का?

तिनं बाईंकडे पाहिलं. बाईही पडद्याकडेच बघत होत्या.

मशीन चार मिनिटं काहीच बोललं नाही. थंड हवेच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. दिल्लीकरांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. मग अक्षरं आली.

१. धोंडबा थकला असेल.

गोपाळराव हसले. "बरोबर. हेच माझ्या मनात होतं." ते उठायला लागले आणि दुसरी ओळ आली.

२. धोंडबाला तहान लागली असेल. बादलीला हात लावण्याची त्याला मनाई असेल. कुणी येऊन पाणी ओतेल म्हणून तो थांबला असेल.

गोपाळराव अर्धवट उठलेले तसेच राहिले आणि हळूहळू पुन्हा खाली बसले.

"हे उत्तर कुणी घातलं यात?" एका दिल्लीकरांनी विचारलं.

"उत्तर कुणीच घातलेलं नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "वाट छापून दाखवते."

प्रिंटर खडखडला. दोन्ही कडांना भोकं असलेला रुंद कागद बाहेर आला आणि त्यावर मशीन कुठून कुठं गेलं ते ओळीनं छापलेलं होतं. जयवंतानं तो हातात धरला. राबणे, घाम, तहान हे दोरे तिच्या स्वतःच्या कार्डांतले होते. विहीर, दोर, बादली बाईंचे. आणि दुसऱ्या बाजूनं येणारे हात लावणे, मनाई, बाजूला बसणे, वाट पाहणे, हे मायचे. इंदोऱ्याच्या खोलीत सुपातले तांदूळ पाखडताना बोललेले शब्द आणि परदेशातून शिकून आलेल्या बाईचे शब्द, एकमेकांना कधी न भेटलेले, या खोलीत चार मिनिटं अंधारात चाचपडत निघाले होते आणि एका तहानलेल्या माणसापाशी येऊन भेटले होते. धोंडबा त्यांतल्या कुणाच्याच कार्डावर नव्हता. एखादं मोठं पाणी पहिल्यांदा पाहिल्यावर होतं तसं जयवंताला झालं, त्याच्यापुढं आपण किती लहान ते कळावं आणि तरी तिथून हलावंसं वाटू नये.

गोपाळरावांनी तो कागद मागून घेतला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हा माणूस मी मनानं रचलेला नाही," ते म्हणाले. कुणाशी बोलताहेत ते कळत नव्हतं. "हिंगण्याकडे आमचं शेत होतं. शाळेतून येताना मी विहिरीवर पाणी प्यायचो. तिथं तो बसलेला असायचा. धोंडबाच नाव त्याचं. मी बादली ओढायचो, प्यायचो आणि घरी जायचो. रोज." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "आज साठ वर्षं मी समजतोय की तो दमून बसायचा."

कागदावरचं बोट तसंच ठेवून ते पुढं म्हणाले,

"तो माझ्याकडे बघायचा. मला वाटे, पोराकडे कौतुकानं बघतोय."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ही शेवटची माहिती कुणाकडची?"

"भीमाबाई मेश्राम," अरुंधतीबाईंनी कागदावरचं नाव दाखवलं. "यांच्या आई."

गोपाळरावांनी जयवंताकडे पाहिलं. मग ते एवढंच म्हणाले, "हा कागद मी नेऊ का?"

"नाही सर," जयवंता म्हणाली आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, आवाज किती स्थिर होता याचं. "हा मायला दाखवायचा आहे. तुम्हाला दुसरा काढून देते. वेळ लागेल."

"लागू द्या," गोपाळराव म्हणाले. दिल्लीकर जेवायला गेले. गोपाळराव मात्र तिथंच खुर्चीवर बसून राहिले, पुन्हा चार मिनिटं, पुन्हा प्रिंटर खडखडेपर्यंत.

प्रकल्पाला आणखी दोन वर्षं मिळाली. समितीच्या अहवालात गोपाळरावांनी काय लिहिलं ते जयवंताला कधी कळलं नाही.

एप्रिलात संत्र्यांचा हंगाम उतरला, तसं भीमाबाईला एक दिवस मोकळा मिळाला. जयवंता तिला कॉलेजात घेऊन गेली. दारात चपला काढून ती आत आली, गारठ्यानं तिनं पदर अंगभर घेतला आणि कपाटाएवढ्या त्या मशीनकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. अरुंधतीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः खुर्ची पुढं केली. भीमाबाई आधी बसली नाही, मग बसली.

जयवंतानं कागद उलगडून एकेक शब्द वाचून दाखवला, दोरा कुठून निघाला आणि कुठं पोचला. भीमाबाईनं आपलं नाव कुठं आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं. ती अक्षरं इंग्रजी होती, पण तिला सगळी अक्षरं सारखीच.

"याले तहान लागते का?" तिनं मशीनकडे मान करून विचारलं.

"नाही, माय."

"मंग याले समजलं कसं?"

अरुंधतीबाई म्हणाल्या, "समजलं का, ते मलाही ठाऊक नाही, भीमाबाई. त्याला वाट सापडली, एवढं मात्र खरं. ती कशी सापडली हे मी कागदावर दाखवू शकते. पण पाहिलं ना, की अजून माझा विश्वास बसत नाही."

भीमाबाईनं अरुंधतीबाईंकडे जरा वेळ निरखून पाहिलं, फळ हातात घेऊन पाहावं तसं. मग विचारलं, "किती गोष्टी भरल्या यात?"

"आठ हजार दोनशे."

"बस?" भीमाबाईच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरंच कमी वाटलं होतं. "मी त अजून काहीच नाही सांगतलं." तिनं पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली. "लिहा मंग. विहिरीपाशी बसलेल्या मानसाले सगळं दिसते. कोन कोनाशी बोलून राहिलं, कोनाच्या घागरीले भोक हाय, कोनाची लेक माहेरी आली. त्याच्याकडं कोनी पाहत नाही, म्हनून त्याले सगळं दिसते."

जयवंता कार्डं घ्यायला वळली, पण अरुंधतीबाईंनी गठ्ठा आधीच ओढून घेतला होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पहिलं कार्ड भरलं, दुसरं पुढं घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "आणखी काय दिसतं?"